ओवाळणाऱ्याची बाजू

आजवर कुणाजवळ बोललो नाही ते आधी लिहून टाकतो, नाहीतर नेहमीसारखा इकडचं तिकडचं सांगत बसेन. त्या दिवशी दाजींनी बटण बरोबर दाबलं होतं. मी त्यांना ते उलटं करायला लावलं. पुढे जे झालं त्याचा बोल दाजींवर आला, आणि तो त्यांच्यावरच राहील याची सोय मी माझ्या अंगठ्यानं केली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पेणच्या खाडीकडच्या एका गावात त्यांचं घर. उमेदीची सगळी वर्षं मिठागरात गेली, त्यामुळे पायांची कातडी कायमची पांढुरकी, भेगाळलेली. मी राहतो अष्टमीला. पूल ओलांडला की रोहा. रोह्याच्या एका कंपनीत मी बॉयलरवर होतो. कॉन्ट्रॅक्ट संपलं, आम्हाला घरी बसवलं, तेव्हा हातात दुसरी कला नव्हती. बॉयलरच्या नळ्या आतून साफ करायचं फिरत्या ब्रशचं मशीन मात्र चांगलं चालवता येत होतं. तसलंच एक मशीन घेऊन मी धुरांडी साफ करायची कामं घ्यायला लागलो. रोह्यातल्या बेकऱ्या, हायवेवरची हॉटेलं आणि पेणच्या बाजूला पोह्यांच्या गिरण्या.

गिरणीत भिजवलेलं भात भाजायची भट्टी असते. ती तुसावर पेटते. तुसाची काजळी धुरांड्याला आतून चिकटते आणि थरावर थर धरते. वेळेत काढली नाही तर धूर उलटा गिरणीत येतो, आणि एखाद्या दिवशी आतली काजळीच पेट घेते. पूर्वी ती काढायला दोन माणसं लागायची. एक छपरावर, एक खाली भट्टीच्या तोंडाशी. दोराला करवंदीची काटेरी फांदी बांधायची आणि विहिरीतला पोहरा ओढावा तशी वरखाली ओढायची. वरचा माणूस कधी घसरायचा, कधी पत्र्यातून खाली यायचा. लोक म्हणायचे, त्याची वेळ आली होती.

माझ्या मशीनला वरचा माणूस लागतच नाही. याच गोष्टीवर मला कामं मिळत. ड्रिलसारखं मशीन हातात धरायचं. त्याला हातभर लांबीच्या लवचिक काठ्या, एकीत एक आट्यांनी पिळून बसवायच्या, आणि सगळ्यात पुढे राठ नायलॉनचा गोल ब्रश. भट्टी आदल्या दिवसापासून विझलेली हवी. तिच्या तोंडावर जाड कापड चिकटवायचं, कापडाच्या फटीतून ब्रश आत सारायचा, आणि तो आत गेल्यावरच मशीन चालू करायचं. एक काठी आत गेली की थांबायचं, पुढची जोडायची. तोंडाला मास्क, डोळ्यांना चष्मा. ब्रश फिरत फिरत वर चढतो, काजळी खाली गळते, आणि माणसाचे पाय सगळा वेळ जमिनीवर.

सांभाळायची गोष्ट एक. मशीन सुलटं फिरलं तर काठ्यांचे सांधे आणखी घट्ट होतात. उलटं फिरलं तर तेच सांधे आत, जिथे दिसत नाही तिथे, सुटत जातात आणि ब्रश धुरांड्यात राहतो. सुलट-उलट करायला मशीनच्या खटक्यावर एक आरपार बटण असतं. या बाजूनं दाबलं की सुलट, त्या बाजूनं दाबलं की उलट. त्यावर बाण कोरलेले होते, ते आमच्या काजळीच्या बोटांनी पहिल्याच वर्षी पुसले गेले.

मिठागरात काम मिळेनासं झालं तेव्हा ताईनं दाजींना माझ्या हवाली केलं. हवाली हा शब्द तिचाच. माणूस दिवसभर ओटीवर बसून बिड्या फुंकतो, तुझ्याबरोबर ने, म्हणाली. आणि निघताना दारात मला अडवून हळूच बोलली, "वर-बीर चढवू नकोस हां त्यांना. वय झालंय."

"नाय गो ताई," मी म्हणालो. "वर चढायला लागू नये म्हणून तर मशीन हाय."

दाजी काम पटकन शिकले. बटणाचं मात्र त्यांच्या ध्यानात राहीना. पुसलेले बाण, त्यात काठ्या जोडताना मशीन हातात कसंही वळायचं. मग मी त्यांना एक खूण सांगितली. मशीन पुढ्यात धरायचं, ब्रश आपल्यापासून लांब, आणि आरतीचं ताट ओवाळतो तसा तो फिरला पाहिजे. हे त्यांना इतकं पटलं की त्या दिवसापासून त्यांचं कधी चुकलं नाही. काम सुरू करायच्या आधी ते भट्टीसमोर उभे राहायचे, मशीन तपासण्यापुरतं क्षणभर हवेत फिरवायचे आणि म्हणायचे, "ओवाळली." मग मास्क चढवायचे. कामावर मला मालक म्हणायचे, तेही थट्टेनं. घरी आलो की मेव्हण्या. मालक, चहा सांगा. मालक, तुमचं नाक काळं झालंय, तुमची ताई घरात घेणार नाय. गिरणीतल्या बायकांनाही ते आवडायचे. एकदा एकीनं विचारलं, तुम्ही दोघं कोण कुणाचे, तर म्हणाले, याच्या बहिणीनं मला याला भाड्यानं दिलंय.

ती गिरणी गडबच्या पुढे, हायवे सोडून आत. दिवाळी तोंडावर आलेली, पोह्यांची मागणी जोरात. गिरणीच्या शेटनी कशीबशी आदल्या दिवसापासून भट्टी बंद ठेवली होती आणि दुसऱ्या सकाळी ती पेटलीच पाहिजे असं दोनदा बजावलं होतं. मी दाराशी त्यांच्याबरोबर चहा पीत उभा होतो. शेटना आमच्या कामाचा भरवसा नव्हता. ते मला सांगत होते की त्यांच्या वडिलांच्या काळात करवंदीच्या फांदीनं कसं लख्ख निघायचं. मी त्यांना पटवत होतो. खरं सांगायचं तर मी त्यांच्यासमोर जरा भाव खात होतो.

भट्टीच्या तोंडाशी कुणीतरी भाताची पोती रचून ठेवली होती. तिथे मशीन धरायला जागा नव्हती, म्हणून दाजी पाठ फिरवून आमच्याकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी रोजच्यासारखं मशीन हवेत फिरवलं. ब्रश माझ्या दिशेला. मी मान वर करून पाहिलं तर तो उलटा फिरत होता.

तो उलटा फिरत नव्हता. मी समोर होतो. जी वस्तू मागून पाहिली तर सुलट फिरते ती समोरून उलटी दिसते, हे मला कंपनीत पहिल्या आठवड्यात शिकवलेलं. ओवाळणाऱ्याला ताट उजवीकडे जाताना दिसतं, देवाला ते डावीकडे जाताना दिसत असणार. दाजी ओवाळणाऱ्याच्या जागी होते. मी देवाच्या जागी उभा होतो, हातात चहाचा कप घेऊन.

मी म्हणालो, "दाजी, उलटं चाललंय. बटण फिरवा."

त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मला तर बराबर दिसतंय."

"मी इथनं बघतोय ना. फिरवा."

त्यांनी फिरवलं. शेट माझ्याकडे बघून म्हणाले, नजर आहे बुवा तुमची. मला बरं वाटलं. ते बरं वाटणं मला अजून जसंच्या तसं आठवतं. बाकी कितीतरी गोष्टी विसरलो.

पोती बाजूला केली, कापड लावलं, काम सुरू झालं. आठ-दहा काठ्या गेल्या असतील. काजळी गळत होती. मग धुरांड्याच्या वरच्या अंगाला ब्रश कुठेतरी जाड, घट्ट काजळीत अडला, आणि एकाएकी मशीन हलकं झालं. तो आवाज ज्याला माहीत आहे त्याला सांगायला लागत नाही. भार असलेलं मशीन कण्हतं. सांधा सुटला की ते नुसतं गाणं म्हटल्यासारखं फिरतं. दाजींनी खटका सोडला, काठ्या खाली ओढल्या. खालच्या काठ्या आल्या. वरच्या आणि ब्रश वरच राहिले.

दाजी वाकून भट्टीच्या तोंडातून वर बघायला लागले. मशीन त्यांनी जमिनीवर ठेवलं होतं. ते मी उचललं. बटण मी सांगितलं होतं त्याच बाजूला होतं, आणि मला त्या एका क्षणात सगळं कळलं. मी कुठे उभा होतो ते कळलं. मागून शेटच्या चपलांचा आवाज येत होता. मी अंगठ्यानं बटण परत पहिल्या जागी सरकवलं.

मग म्हणालो, "दाजी, बटण परत फिरलंय बघा. तुमच्या हातनं हललं असेल काठ्या जोडताना."

ते जवळ आले, बघितलं. बटण खरंच पहिल्या जागी होतं, ज्या जागेला मी सगळ्यांदेखत चूक म्हटलं होतं. दाजींनी आपली बोटं पाहिली. मिठागरातली जाड, बोथट बोटं. "असंल," ते म्हणाले. "हातमोज्यात काय कळतंय." मग म्हणाले, "तुमी बराबर करून दिलं होतं, मालक."

त्यांनी माझी चूक मला अशी पुसून परत दिली. मी ती घेतली.

शेट तापले. उद्याची भट्टी, वायदे, गिऱ्हाइकं. गवंडी बोलावून धुरांडं खालून फोडायचं तर दोन दिवस जाणार. मी काही बोलायच्या आत दाजींनी दोर आणि लोखंडी आकडा मागितला. वरच्या तोंडातून आकडा सोडला की ब्रश अडकून निघेल, म्हणाले. मी म्हणालो, राहू द्या दाजी. पण ते ज्या आवाजात म्हणालो तो मला आठवतो. पाहुणा स्वतःचं ताट उचलायला लागला की आपण राहू द्या म्हणतो, तो आवाज. खरं थांबवायचं असतं तर एकच वाक्य पुरलं असतं. ते मी गिळलेलं होतं. मी स्वतःही चढलो नाही. ते म्हणाले, "माझ्या हातनं गेलंय, मीच काढतो. जल्म बांधावरनं चालण्यात गेला माझा."

मी शिडी धरली. त्यांची पांढुरकी पावलं माझ्या डोळ्यांसमोरून एकेक पायरी वर गेली.

छप्पर सिमेंटच्या पत्र्यांचं होतं. तसल्या पत्र्यावर चालायचं तर खिळ्यांच्या रांगेवरून चालावं लागतं, कारण तिच्याच खाली लोखंड असतं. मिठागराचा बांध अरुंद असतो, पण कुठेही पाय दिला तरी खाली माती असते. दाजी धुरांड्यापर्यंत नीट गेले. दोन-तीनदा आकडा सोडला, ओढला. मग बाजू बदलायला एक पाऊल रांगेबाहेर टाकलं. मी खालून फक्त पत्रा फुटल्याचा आवाज ऐकला. ते गिरणीच्या आत, पोत्यांच्या कडेवर आदळून फरशीवर पडले. त्यांच्या अंगावर पत्र्याचे तुकडे आणि वरून सूर्याचा एक चौकोन. ते ओरडले नाहीत. मी जवळ गेलो तर म्हणाले, ताईला एकदम नको सांगू.

खुब्याचं हाड मोडलं होतं. आधी पेणला नेलं, तिथून पनवेलला. शस्त्रक्रिया झाली, पण पाय आखूड राहिला. तेव्हापासून काठी.

दवाखान्याच्या बाकावर ताई माझ्या शेजारी बसली होती. शेटनी तिला आधीच फोनवर सगळं सांगितलं होतं. तुमच्या भावानं तर चूक पकडली होती हो, माझ्यासमोर बटण नीट करून दिलं, यांनी परत घोळ घातला. आणि वर चढायला कुणी सांगितलं नव्हतं. यात शेटचं एक अक्षर खोटं नव्हतं. त्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं. ताई माझा हात धरून म्हणाली, "तू होतास म्हणून निभावलं रे." मी तिला सांगायला तोंड उघडलं होतं. आतून नर्सनं नाव पुकारलं, ती उठली. आता म्हणतो नर्समुळे राहिलं. ताई परत येऊन तासन्‌तास बसली होती, तेही माहीत आहे.

गवंड्यानं पुढे धुरांडं फोडलं तेव्हा ब्रश निघाला. शेटनी तो माझ्याकडे पाठवून दिला. दाजींना मी ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बोलणं काठ्यांवर आलं असतं, काठ्यांवरून सांध्यांवर, सांध्यांवरून बटणावर. दाजी पुढे कितीतरी दिवस म्हणत राहिले, माझ्यापायी तुमचा ब्रश गेला. मी म्हणायचो, जाऊ द्या.

गावात गोष्ट जायला वेळ लागला नाही. दाजींना आता उलटे दाजी म्हणतात. नाक्यावरच्या दुकानात कुणी म्हणतं, दाजी, चप्पल सुलट घातली ना? कुणी म्हणतं, बिडी कुठल्या टोकानं पेटवता? दाजी हसतात. आधी ते लोकांना हसवायचे, आता ते लोकांबरोबर हसतात. मला वाटलं होतं, थट्टा आहे, विरेल. थट्टा विरली नाही, आत उतरली. नळाची चावी फिरवताना ते थांबतात. गॅसचं बटण लावायचं तर ताईला हाक मारतात. पंपाचा व्हॉल्व्ह, कुलपाची किल्ली, काहीही फिरवायचं आलं की त्यांचा हात हवेत राहतो. ताई वैतागते. म्हणते, तुमाला साधं डावं-उजवं कळंना झालं, माझ्या भावाचं ऐकलं असतंत तर आज पाय असता. आणि मला पानात आणखी एक बोंबील वाढते. परत निघताना पिशवीत वाल, पापड. मी ती पिशवी घेऊन एसटीत बसतो आणि नागोठणं येईपर्यंत खिडकीबाहेर बघतो.

कामावर मी नवीन माणसं घेतली. त्यांना पहिल्या दिवशी सांगतो, ब्रश कधी समोरून बघायचा नाही, मशीनच्या मागे उभं राहूनच बघायचा. बाण दर आठवड्याला रंगानं परत काढून घेतो. आणि ब्रश अडकला तर वर कुणी चढायचं नाही, धुरांडं फोडावं लागलं तरी चालेल. एकानं विचारलं, तुम्हाला हे कुणी शिकवलं? कंपनीत, मी म्हणालो.

यंदा गणपतीत ताईकडे गेलो. घर भरलेलं. भावकी, शेजारी, सगळे ओटीवरून आत गर्दी करून उभे. आरतीचं ताट कायम दाजींच्या हातात असतं, घरातले मोठे म्हणून. कुणीतरी काठी धरली, कुणीतरी ताटातली वात पेटवली. दाजींनी ताट उचललं आणि थांबले. टाळ वाजायला लागले होते, तेही एकेक करून थांबले. सगळ्यांच्या मधून त्यांनी मला शोधलं.

"मालक," ते म्हणाले, "ह्याच बाजूनं ना?"

सगळे हसले. पोरं हसली, म्हातारे हसले. ताई म्हणाली, "विचारा, त्यालाच विचारा." दाजी मात्र या वेळी हसले नाहीत. ते खरंच विचारत होते. वात जळत होती आणि ताट होतं तिथेच होतं. जन्मभर आरती केलेल्या माणसाला ताट कुठल्या बाजूनं न्यायचं ते माझ्याकडून हवं होतं.

मी म्हणालो, "व्हय दाजी. बराबर हाय."

आरती झाली. मी प्रसाद न घेता बाहेर येऊन चपला शोधत राहिलो.

अनंतचतुर्दशी झाल्यावर एक दिवस खास तेवढ्यासाठी गेलो. रोह्याहून पेणपर्यंत वाक्य तयार करत गेलो. दाजी अंगणात खुर्चीवर बसले होते, काठी मांडीवर आडवी. ताई आत चहा टाकत होती. मला वाटलं, ती बाहेर आली की दोघांसमोर बोलावं. पण तेवढा धीर निघाला नाही, मी आधीच सुरुवात केली. म्हणालो, "दाजी, त्या दिवशी ते बटण..."

त्यांनी हात वर केला. चिडून नाही. थकून. "आता किती वेळा काढणार, मालक? मी कबूल केलंय ना."

त्यांना वाटलं मी बोल लावायला आलोय. मी पुढे बोलायला हवं होतं. त्याच वाक्याला दुसरं वाक्य जोडायचं होतं, एवढंच. ताई कपबश्या घेऊन आली. दाजींनी माझ्यासाठी खुर्ची ओढायचा प्रयत्न केला. मी चहा प्यालो. पावसाबद्दल बोललो. संध्याकाळच्या गाडीनं परत आलो.

हे लिहिलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, हे मला कळतं. ताई वाचत नाही, दाजी तर नाहीच. म्हणून काय राहिलंय ते साध्या शब्दांत लिहून ठेवतो. दाजींच्या अंगणात, ताईसमोर आणि नाक्यावरच्या त्या दुकानात चार माणसं असताना, मला एवढं बोलायचं आहे: दाजींचं बटण पहिल्यापासून बरोबर होतं, उलटं मी करायला लावलं, आणि नंतर ते मीच फिरवून ठेवलं. हे देणं माझ्याकडे अजून आहे.